सांदवाडीतली पानकोबी-फुलकोबी एकदम तयार झाली? गाईपुढे टाकू नका, मे महिन्यापर्यंत पुरवा

पवनार : डिसेंबरात ज्या पानकोबीच्या एका गड्ड्यासाठी बाजारात घासाघीस करावी लागते, तीच पानकोबी जानेवारीच्या शेवटी गावात कोणी फुकट घ्यायला तयार नसतो. धामनदीकाठचं ओलिताचं वावर असो, विहिरीजवळचा तुकडा असो की घरामागची सांदवाडी, सगळीकडचा माल एकाच पंधरवड्यात तयार होतो. शेजाऱ्याला द्यावी म्हटलं तर त्याच्याकडेही तीच. वर्ध्याच्या बाजारात न्यावी तर एका चुंगडीला ऑटोचं भाडंही सुटत नाही. मग चार दिवस भाजी, दोन दिवस भजी आणि उरलेली गाईपुढे. एप्रिल-मे उजाडला की त्याच घरात रोज बेसन, वरण, आलू. हिरवी भाजी मिळेल त्या भावाने विकत.

एकर-दोन एकर कोबी लावणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, ते इथे नाही. इथे गोष्ट आहे घरापुरती म्हणून लावलेल्या आणि घराला न संपणाऱ्या तीस-चाळीस झाडांची.

एवढी कोबी होते कशी?

दोष हाताचा नाही, पाकिटाचा आहे. कोबीचं बी मोहरीएवढं. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया बसतात. दहा ग्रॅमचं पाकीट आणलं की अडीच-तीन हजार रोपांचा ऐवज घरात येतो. अर्धं पाकीट गादीवाफ्यात टाकलं, निम्मी रोपं वाटली, तरी चाळीस-पन्नास रोपं आपल्याकडे राहतातच आणि ती एकाच दिवशी लावली जातात. त्यात बहुतेक बी संकरित. संकरित वाणाचा गुणच असा की सगळी झाडं सारखी वाढतात आणि सोबतच काढणीला येतात. ज्याला एका खेपेत गाडी भरायची त्याला हा गुण कामाचा; घरच्या चुलीला मात्र अडचणीचा.

हिशोब करून बघा. पाच माणसांचं घर आठवड्याला दोन, फार तर तीन गड्डे खातं. चाळीस गड्डे तीन आठवड्यांत तयार झाले, तर त्या काळात खाऊन संपतात सहा ते नऊ. उरलेल्या तिसाचं काय करायचं, हे पहिला गड्डा कापायच्या आधी ठरवलेलं बरं.

पवनारसाठी हा विचार अगदीच नवा नाही. विनोबा १९३८ साली पवनारला आले. १९५०च्या सुमारास त्यांनी परमधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावर विसंबायचं नाही, लागेल ते आपल्या हाताने पिकवायचं, भाजीपालाही त्यातच. आपलं आपण पिकवून खायचं म्हटलं की हंगामात ढीग आणि हंगामाबाहेर रिकामं टोपलं, हे ओघानेच येतं. ढीग आणि टोपलं यांची गाठ घालणं हेच खरं काम.

आधी झाडावरच थांबवा

सगळ्यात स्वस्त साठवण म्हणजे न कापणं. पण इथे पानकोबी आणि फुलकोबी यांचे स्वभाव वेगळे आहेत.

पानकोबीचा घट्ट गड्डा झाडावर काही दिवस आरामात थांबतो. त्याला धोका पाण्याचा. गड्डा भरल्यावर जोरात ओलीत दिलं की मुळं पाणी ओढतात, आत दाटी होते आणि गड्डा मधोमध तडकतो. तडकलेला गड्डा दोन-तीन दिवसांत खाऊन टाकावा लागतो. म्हणून गड्डे भरले की पाणी अगदी बेताचं करा. दुसरी युक्ती जुन्या बागवानांची : गड्डा दोन्ही हातांनी धरून झाडाला हलकासा पीळ द्यायचा किंवा थोडं वर ओढायचं. काही मुळं तुटतात, पाण्याचा ओढा कमी होतो आणि तडकणं आठवडा-दीड आठवडा लांबतं. झाड उपटू मात्र नका. सगळ्या झाडांना एकाच दिवशी पीळ देण्यात अर्थ नाही. आज कापायची ती सोडा, पुढच्या आठवड्यातली तेवढी पिळा.

फुलकोबी थांबत नाही. फूल भरल्यावर ऊन लागलं की पिवळं पडतं आणि दोन-चार दिवस जास्त झाले की सुटतं, तुरे विलग होऊन भाताच्या लोंबीसारखे दिसायला लागतात. फूल मुठीएवढं झालं की त्याचीच मोठी पानं वर ओढून सुतळीने सैल बांधा. फूल पांढरं राहतं. पण ही सोय रंगापुरती आहे, मुदत त्याने फारशी वाढत नाही.

म्हणून क्रम साधा आहे : फुलकोबीचा निकाल आधी लावायचा, पानकोबीला थांबवून ठेवायचं. बहुतेक घरांत उलटं होतं. पानकोबी मोठी दिसते म्हणून तीच आधी कापली जाते आणि तोवर फुलकोबी पिवळी पडते.

गड्डा कापला तरी झाड संपलं नाही

पानकोबीचा गड्डा कापताना खालची चार-सहा पानं आणि बुंधा जमिनीत राहू द्या. बुंध्याच्या कापलेल्या तोंडावर विळ्याने अधिकची खूण करा. पंधरा-वीस दिवसांत बाजूने कोंब फुटतात आणि लिंबाएवढ्या छोट्या गड्ड्या येतात. फेब्रुवारी लवकर तापला तर त्या घट्ट होत नाहीत, पानं मोकळीच राहतात; तरी भाजीला उत्तम आणि मोठ्या गड्ड्यापेक्षा कोवळ्या.

यावरून एक गोष्ट. मोबाइलवर बी मागवणारे हौशी लोक हल्ली ब्रसेल्स स्प्राउट नावाच्या पाकिटाच्या मोहात पडतात. फोटोत एका उंच दांड्याला शेकडो इवल्या गड्ड्या लगडलेल्या दिसतात. ही काही वेगळी वनस्पती नाही. पानकोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली आणि ही गड्डी, सगळी एकाच जातीची लेकरं. माणसाने कुठे पान, कुठे फूल, कुठे खोड, कुठे बगलेतला कोंब निवडत नेला आणि वेगवेगळी रूपं झाली. पण ब्रसेल्स स्प्राउटला तीन-चार महिने सलग थंडी लागते. आपल्याकडची खरी थंडी दीड-दोन महिन्यांची. वर्धा जिल्ह्यात ती लावली तर दांडा वाढतो, गड्ड्या मात्र पोकळ आणि कडसर राहतात. पैसे घालवण्यापेक्षा कापलेल्या पानकोबीचा बुंधा राखला तर तशीच छोटी गड्डी फुकट मिळते.

घरात आणल्यावर

कोबी सकाळी ऊन चढायच्या आत कापा, दुपारी कापलेली घरात येईपर्यंत तापलेली असते. साठवायचा गड्डा धुऊ नका. बाहेरची दोन-तीन जाड पानं त्यावरच राहू द्या, तीच त्याची चादर. फुलकोबीलाही भोवतीची पानं फुलाच्या वर दोन बोटं राहतील अशी कापा. ठेवायची जागा अंधारी, वारा खेळणारी. गड्डे एकावर एक रचू नका. छपरीत दोरी बांधून मुळासकट उपटलेली पानकोबी उलटी टांगली तर जानेवारीच्या थंडीत ती बऱ्यापैकी टिकते, खालून कुजत नाही.

एक चूक फार जणांकडून होते. पिकती केळी, पेरू, भेदरं आणि कोबी एकाच टोपल्यात. पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो, त्याने कोबीची पानं पिवळी पडतात आणि देठापासून गळतात. टोपली वेगळी ठेवली की झालं.

फ्रिज असेल तर पानकोबी ओलसर सुती फडक्यात गुंडाळून किंवा भोकं पाडलेल्या पन्नीत खालच्या कप्प्यात ठेवा. तीन-चार आठवडे चालते. फुलकोबी आठवडा-दीड आठवडा. बर्फाच्या कप्प्यावर मात्र फार भरवसा नको. शहरातले व्हिडिओ बघून तुरे उकळून कप्प्यात कोंबले जातात, पण एका दाराच्या फ्रिजचा कप्पा महिनोन् महिने साठवण्याइतका थंड राहतच नाही आणि त्यात लाइन गेली की सगळं वितळतं. वितळलेली भाजी पुन्हा गोठवून खाणं धोक्याचं. आपल्याकडे हा मार्ग महिनाभरापुरताच धरावा.

लाइन न लागणारी थंड पेटी

दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात विटा आणि वाळूची एक पेटी तयार केली. नाव शून्य ऊर्जा शीतकक्ष. माठातलं पाणी जसं थंड होतं, तीच गोष्ट. सावलीत विटांचा एक थर जमिनीवर अंथरायचा. त्यावर चारी बाजूंनी दुहेरी भिंत उभी करायची आणि दोन भिंतींमध्ये तीन इंच पोकळी सोडायची. पोकळीत नदीची ओली वाळू भरायची. वर बांबू-तणसाचं किंवा वाळ्याचं ओलं झाकण. मूळ आराखड्यात ही पेटी सुमारे साडेपाच फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच असते. चारशेच्या आसपास विटा लागतात आणि शंभर किलो माल मावतो. घरासाठी निम्मी पुरे.

वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, बस. बाहेरची कोरडी हवा वाळूतलं पाणी उडवते आणि आतली उष्णता सोबत नेते. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी राहतं आणि ओलावा नव्वद टक्क्यांपर्यंत, त्यामुळे पानं मलूल होत नाहीत. हवा जितकी कोरडी तितकी पेटी थंड, म्हणून वर्ध्याचा फेब्रुवारी ते मे हा तिचा खरा हंगाम. पावसाळ्यात ती कामाची नाही. सिमेंटने भिंती लिंपू नका, पाणी उडायची वाटच बंद होते. आता वाळूचा भाव बघता कोणी मुद्दाम ट्रॉली बोलवावी असं नाही. घरकुलाच्या बांधकामातून उरलेली वाळू आणि तुटक्या विटा यावरही भागतं.

त्याहून छोटा प्रकार म्हणजे दोन मातीची भांडी. मोठ्या नांदीत लहान माठ ठेवायचा, मधल्या जागेत ओली वाळू, वर ओलं फडकं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९०च्या दशकात तिकडच्या कोरड्या, लाइन नसलेल्या गावांत अशीच भांडी पोहोचवली आणि त्यासाठी त्यांना आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाहेरची नांद चकचकीत रंगवलेली नसावी, एवढंच बघायचं. दोन गड्डे आणि जुडीभर सांबार सहज मावतो.

वाळवण : आपल्या उन्हाचं काम

थंड पेटीने आठवडे मिळतात. महिने हवे असतील तर वाळवणच. पवनारसारख्या ठिकाणी हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, कारण फेब्रुवारीचं ऊन, कोरडा वारा आणि रिकामं आंगण तिन्ही एकाच वेळी हाताशी असतात. गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, वाल वाळवणाऱ्या घरांना कोबी जड नाही. पण एक पायरी जास्त आहे आणि तीच बहुतेक जण गाळतात.

ती म्हणजे उकळत्या पाण्याचा चटका. कापलेली भाजी जिवंत असते. तिच्यातले रस आपलं काम करत राहतात, म्हणून नुसती वाळवलेली फुलकोबी महिन्याभरात तपकिरी होते आणि तिला जुन्या गवतासारखा वास येतो. चटका दिला की ते काम थांबतं. मोठ्या गंजात पाणी खळखळ उकळा, अर्ध्या किलो भाजीला चार लिटर. मुठीत तीन-चार मावतील एवढे तुरे करून आधी वीस मिनिटं मिठाच्या कोमट पाण्यात ठेवा, अळ्या असतील तर वर येतात. मग तुरे सैल फडक्याच्या पोटलीत बांधून उकळत्या पाण्यात सोडा. पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून तीन मिनिटं. पानकोबी बोटभर रुंद कापून दीड-दोन मिनिटं. लगेच पोटली थंड पाण्यात बुडवा, नाहीतर आतल्या गरमीने भाजी शिजत राहते. मग निथळू द्या.

वाळत घालायला ताडपत्री किंवा प्लॅस्टिक नको, त्याखाली घाम सुटतो. अंगणात बाज टाका, त्यावर जुनं सुती लुगडं, म्हणजे वारा खालूनही लागतो. तुरे एकमेकांना न टेकता पसरा. वरून पातळ ओढणी. माशा, धूळ आणि चिमण्यांपासून बचाव होतो आणि थेट उन्हाने रंगही कमी जातो. दिवसातून दोनदा उलटवा. संध्याकाळी न चुकता घरात घ्या, कारण रात्रीचं दहिवर दिवसाची सगळी मेहनत परत ओली करतं. दोन ते चार दिवसांत माल तयार होतो. ओळखायची खूण अशी की पान चुरलं तर चुरा व्हावा आणि तुऱ्याचा दांडा वाकवला तर कटकन मोडावा. नुसता वाकला तर अजून एक ऊन द्या.

फेब्रुवारी-मार्चात आपल्याकडे अवकाळी आणि गारपीट काही नवी नाही. आभाळ भरून आलं की माल आत घेऊन पंख्याखाली पसरा. चिकट लागला, आंबूस वास आला किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले तर तो भाग खरडून बाकीचा ठेवायच्या भानगडीत पडू नका. बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते.

वाळलेला माल गरम असताना डब्यात भरला की झाकणाला आतून पाणी सुटतं. पूर्ण थंड होऊ द्या, मग काचेच्या बरणीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. आठवड्याने एकदा उघडून बघा. बरणीला आतून दमटपणा दिसला तर परत ऊन. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान बरण्या बऱ्या; एकात कीड लागली तर तीन वाचतात.

किती होतं? कोबीत शंभरातले नव्वदच्या वर भाग पाणीच असतं. पाला-दांडा काढून उरलेल्या दहा किलो तुऱ्यांचे वाळून पाऊण ते एक किलो होतात. बघून जीव हिरमुसतो, पण भिजवल्यावर तेच फुगतात. मे महिन्यात मूठभर तुरे गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा आणि आलू किंवा वाटाण्यासोबत रस्सा करा. वाळलेली पानकोबी वरणात, मसालेभातात, थालीपिठाच्या पिठात भिजवून घाला. ती ताज्यासारखी कुरकुरीत लागणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पीठ पेरून परतायला वाळलेली कोबी चालत नाही, रश्शाला चालते. क जीवनसत्त्व चटक्यात आणि उन्हात बरंचसं जातं, तेव्हा लिंबू वरून पिळायचं. तंतू आणि खनिजं बऱ्याच अंशी राहतात.

मुगाच्या वड्या घालणाऱ्यांनी त्यातच पानकोबी खपवावी. किलोभर मुगाची डाळ भिजवून भरड वाटा. अर्धा किलो किसलेली पानकोबी फडक्यात कचकचून पिळून त्यात मिसळा. मिरची, जिरं, मीठ. पिळलेलं पाणी फेकू नका, वरणात जातं. कोबी पिळली नाही तर पीठ सैल होतं, वड्या बसतात आणि मधे कच्च्या राहून बुरसतात. वड्या नेहमीपेक्षा थोड्या लहान घाला.

फवारणीबद्दल एक गोष्ट इथेच. कोबीवर मावा आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी येते, त्यामुळे औषध मारलं जातं. बाटलीवर फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये ते लिहिलेलं असतं. ते दिवस संपल्याशिवाय खायलाही कापू नका आणि वाळवायलाही. वाळवल्याने पाणी उडतं, औषध उडत नाही.

मिठात आंबवलेली पानकोबी

हा प्रकार आपल्याकडचा नाही, पण साहित्य आपल्याच घरातलं आहे : पानकोबी आणि मीठ. जर्मनीपासून कोरियापर्यंत थंड मुलखातले लोक असाच हिवाळा काढत आले. कॅप्टन जेम्स कुक १७६८ साली लांबच्या सफरीवर निघाला तेव्हा जहाजावर आंबवलेल्या कोबीची पिंपं होती, खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येऊ नये म्हणून. वाळवणात जाणारं क जीवनसत्त्व यात बऱ्यापैकी टिकतं.

एक किलो बारीक चिरलेल्या पानकोबीला वीस ते पंचवीस ग्रॅम मीठ. अंदाजाने नको, काट्यावर मोजा. कमी पडलं तर सडते, जास्त झालं तर आंबतच नाही. मीठ लावून दहा मिनिटं हाताने मळा, पाणी सुटतं. काचेच्या बरणीत दाबून भरा. कोबी स्वतःच्याच पाण्याखाली बुडालेली राहिली पाहिजे. वर एक अख्खं पान आणि त्यावर धुतलेला दगड किंवा पाण्याने भरलेली लहान वाटी ठेवा. झाकण सैल, कारण आत वायू होतो. घरातल्या थंड कोपऱ्यात दोन-तीन आठवड्यांत ती छान आंबट होते. बुडबुडे आणि आंबट वास हे चांगलं लक्षण. बुळबुळीतपणा, गुलाबी रंग किंवा कुजका वास आला तर फेकून द्या. हे काम जानेवारीतच उरका. मार्चच्या गरमीत आंबवण बिघडते. तयार झाल्यावर फ्रिजमध्ये किंवा थंड पेटीत ठेवा. झुणक्यात, भज्यांच्या पिठात, भाकरीसोबत तोंडी लावायला चालते. बीपी असणाऱ्यांनी चमचाभरच.

फुलकोबीचं मोहरीचं लोणचं बहुतेक घरांत होतं, त्यात एवढंच ध्यानात ठेवावं : तुरे चटका देऊन सावलीत कोरडे करा आणि मिठासोबत भरपूर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला. वर तेलाचा थर आहे म्हणून लोणचं टिकेल असं नाही. तेल हवा अडवतं, पण हवेशिवायच वाढणारे जंतूही असतात आणि त्यांना आंबटपणाच रोखतो. आंबट नसलेली भाजी तेलाखाली बंद करून महिनोन् महिने ठेवणं जिवावर बेतू शकतं.

पाला, दांडा आणि गुरं

फुलकोबीच्या ढिगात निम्म्याहून जास्त पालाच असतो आणि तो सरळ उकिरड्यावर जातो. खरं तर फुलापेक्षा पाल्यात कॅल्शियम कितीतरी जास्त. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा गावच्या आहारात हिरवा पाला वाढावा हा आग्रह इथूनच देशभर गेला. नव्वद वर्षांनी त्याच जिल्ह्यात पाला फेकला जातो. कोवळी पानं बारीक चिरून मुगाच्या डाळीत शिजवा, किंवा चटका देऊन वाळवून चुरा करा. मुलांच्या पराठ्यात चमचाभर टाकला तर कळतही नाही. दांड्याची साल काढली की आतला गर मुळ्यासारखा गोड असतो.

गुरांना कोबी घालायला हरकत नाही, पण पोटभर नको. एकदम जास्त दिली की पोट फुगतं. आठवडेच्या आठवडे फक्त कोबीचा पाला दिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून लघवी लाल होण्यापर्यंत वेळ येते. कुटारात मिसळून, चाऱ्याचा लहान वाटा म्हणून द्या. लघवी लाल दिसली तर पाला लगेच बंद आणि पशुवैद्यकाला बोलावणं.

वाळवायला हात नसतील तर गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी विचारून पोषण आहारासाठी ताजे गड्डे देता येतात. बचतगटाने वाळलेली भाजी पाकिटात भरून विकायची ठरवली, तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करावी लागते. घरच्यापुरत्या वाळवणाला तिची गरज नाही.

पुढच्या वर्षीचं बी

पाकीट फोडलं की उरलेलं बी घट्ट डबीत, कोरड्या थंड जागी ठेवा. कोबीचं बी नीट राखलं तर पुढच्या हंगामातही उगवतं. सप्टेंबरच्या शेवटी चिमूटभर, म्हणजे दहा-बारा रोपं होतील एवढंच टाका. मग दर पंधरा दिवसांनी तेवढंच, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. चार वेळा थोडं थोडं टाकलं की गड्डे डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत येत राहतात. शेवटच्या खेपेला फुलकोबी नको, गरमीत तिची फुलं लवकर सुटतात. त्या जागी पानकोबीच घ्या. वाळवणासाठी मुद्दाम वेगळी फुलकोबी लावायची असेल तर ती जानेवारीअखेर हाताशी येईल अशी धरा, म्हणजे फेब्रुवारीचं ऊन वाया जात नाही.